मुखवटा कोणी काढायचा

१

मेलेल्या माणसाची चाल उचलायची तर आधी त्याचे जोडे मागून घ्यावेत, असं माझा बाप सांगायचा. माणूस तोंडानं काय वाटेल ते बोलतो, पण टाच खोटी झिजत नाही. त्या दिवशी सकाळी सम्राट ओर्वियनचे जोडे माझ्या मांडीवर होते. डावी टाच बाहेरच्या अंगानं पार घासलेली होती. म्हणजे म्हातारा डाव्या पायावर रेलून चालायचा. मी अंगणात तसाच दोनचार फेऱ्या मारून पाहिल्या आणि शेजारीण भिंतीवरून बघत होती ती मुकाट आत गेली. बरोबर जमतंय हे तेव्हाच कळलं.

माझं नाव तुब्रो. धंदा नकलाकाराचा. आमच्या आल्वेरा शहरात मोठा माणूस गेला की प्रेतयात्रेच्या पुढे त्याचेच कपडे, त्याचेच जोडे आणि त्याच्या चेहऱ्यावरून घेतलेला मेणाचा मुखवटा घालून नकलाकार चालतो. चौकात आलं की दगडी ओट्यावर चढायचं आणि मेलेल्याच्या आवाजात बोलायचं. लोक प्रश्न विचारतात, थट्टा करतात, जुनी भांडणं काढतात. मुखवट्याआडून निघालेला शब्द हा मेलेल्याचा शेवटचा शब्द. तो फिरवायला देव आले तरी त्यांना गर्दीत मागेच उभं राहावं लागेल. मुखवटा असेतोवर मला माझ्या नावानं कोणी हाक मारत नाही, आणि तो उतरवायचा तो मेलेल्याच्या रक्ताच्या माणसानंच. थोरला मुलगा ओट्यावर येतो, दोन्ही हातांनी मुखवटा काढतो आणि बापाला निरोप देतो. मग मी पुन्हा तुब्रो होतो, दारू पितो आणि घरी येऊन पाय चेपून घेतो.

इतक्या मढ्यांचं बोलणं बोललो, पण एकही मढं मला कधी भेटायला आलं नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. असता तर हा धंदा कशाला केला असता.

ओर्वियन न्हाणीघरात पाय घसरून गेला असं राजवाड्यातून सांगण्यात आलं. पाठोपाठ त्याचे दोन्ही मुलगे, भाऊ आणि पाळण्यातला नातू तापानं गेले. तापही मोठा निवडक होता. त्या घराबाहेर एकालाही आला नाही. सिंहासनावर सेनापती वाल्गस बसला. ओर्वियननं त्याला मेंढ्यांमागून उचलून आणलं होतं, पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. शहराला सगळं कळत होतं. पण तोंड दाबून बुक्क्यांचा मार, बोलणार कोण?

२

वाल्गसनं मला दुपारच्या जेवणाला बोलावलं. तो क्रूर दिसत असता तर बरं झालं असतं. गोल चेहऱ्याचा, हसऱ्या डोळ्यांचा, समोरच्याला आधी वाढून मग स्वतः घेणारा माणूस होता तो. अंजिराची साल नखानं सोलत होता.

"खा रे, तुब्रो. लाजतोस काय? तुझी पोर काय गोड हसते."

माझ्या हातातला पाव तिथंच राहिला. व्हेरिना सकाळी रंगाऱ्याकडे गेली होती. मला वाटलं होतं, अजून तिथंच असेल.

"घाबरू नको. पाहुणी आहे आमची. माझ्या बायकोला सोबत हवी होती." त्यानं अंजिराचे दोन भाग करून एक माझ्यापुढे ठेवला. "यात्रा झाली की घेऊन जा तिला. तू फक्त ओट्यावर एक वाक्य बोलायचंस. 'वाल्गस माझा मुलगा आहे, माझं सगळं त्याचं.' बस्स."

"दत्तक घ्यायला जिवंत माणूस लागतो, महाराज."

"मग तू आहेस की."

तो मनापासून हसला. मीही हसलो. असं हसल्याची मला आजही लाज वाटते. वाक्य न बोललो तर काय, हे त्यानं सांगितलं नाही. पाळण्यातल्या नातवाचं उदाहरण डोळ्यांपुढे होतंच. मला माझी पोर घरी हवी होती. म्हाताऱ्याच्या तोंडी काय घालायचं ते घालीन, वाल्गसला सम्राट म्हणीन, सूर्य म्हणीन, काय हवं ते म्हणीन, असं मी तिथल्या तिथं ठरवलं.

"रोज दुपारी इथं येऊन तालीम करायची," तो म्हणाला. "काकांसारखं हुबेहूब व्हायला हवं. लोकांना शंका नको."

ओर्वियनला तो काका म्हणायचा. अजूनही म्हणत होता.

३

राजवाड्यातल्या मुखवट्यांच्या दालनात एकच खिडकी आहे. भिंतीभर लाकडी कपाटं, आणि प्रत्येक कपाटात एक मेलेला सम्राट. त्यांची राखण पोंपिला मावशी करते. साचे घेणंही तिचंच काम. म्हातारी जिभेनं तिखट आहे, पण मला लहानपणापासून ओळखते.

"आलास का मेल्या? हे घे तुझं सोंग." तिनं मुखवटा कापडात गुंडाळून माझ्या हाती दिला. "सांभाळून. माझ्या हातचा नाही तो."

"म्हणजे?"

"मला बोलावलंच नाही. तयार करूनच आणून ठेवला. सेनापतींनी स्वतः साचा घेतला म्हणे, प्रेमापोटी."

मी कापड सोडलं. काम चांगलं होतं. मुखवटा उलटा करून मी तो चेहऱ्याला लावणार, तेवढ्यात माझ्या बोटांना ओल लागली. आतून, नाकातोंडाच्या जागी, मेणावर बारीक दव साचलं होतं. घामेजलेल्या माणसानं नुकताच काढून ठेवावा तसं.

"मावशी, हा कोणी घातला होता का?"

"कोण घालेल? किल्ली माझ्या कमरेला."

"मग पाणी कसं लागलं?"

तिनं पदरानं आतली बाजू पुसली. "उन्हाळा आहे. मेणाला घाम येतो." मग स्वतःच कपाळाला आठी घालून मुखवट्याकडे पाहत राहिली.

मलाही ते पटलं, किंवा मी पटवून घेतलं. उकाडा होताच. फक्त मेणाला घाम येतो तर तो बाहेरूनही यायला हवा, एवढा एक विचार सोबत घेऊन मी जेवणाच्या दालनाकडे निघालो. दुसऱ्या दिवशी मुखवटा हाती घेतला तेव्हा तो पुन्हा ओला होता. तिसऱ्या दिवशी कोमटही लागला.

चेहऱ्यातही काहीतरी खटकत होतं. मेलेल्याचा चेहरा सैल पडतो, गाल खाली ओघळतात, पापण्या नुसत्या टेकलेल्या असतात. इथं पापण्या घट्ट आवळलेल्या होत्या. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून सुरकुत्या ओढून निघाल्या होत्या. डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून लहान मूल मिटून घेतं ना, तसे ते डोळे होते.

४

तालमी मात्र छान चालल्या होत्या. वाल्गस लोडाला टेकून मासे खायचा आणि चुका काढायचा.

"काका 'मी' म्हणायच्या आधी जरा थांबायचे. हां, असं. आणि मान थोडी उजवीकडे."

त्याला म्हाताऱ्याची बारीकसारीक सवय पाठ होती. त्याचं त्या माणसावर प्रेमही असावं असं मला कधीकधी वाटायचं, आणि त्या वाटण्याचीच जास्त भीती वाटायची.

त्या दुपारी मी बाकावर बसून ते वाक्य म्हटलं. "वाल्गस माझा मुलगा आहे. माझं सगळं त्याचं." आवाज चांगला लागला होता. दाद येईल म्हणून थांबलो. मुखवट्याच्या पापण्यांखाली बघण्यापुरती फट ठेवलेली असते, तिच्यातून पाहिलं. वाल्गसच्या हातातला घास तोंडापाशी अडकला होता आणि तो माझ्या मांडीकडे पाहत होता.

"ते बोटांचं काय?" तो म्हणाला.

"कसलं बोटांचं, महाराज?"

"आत्ता केलंस ते."

मी खाली पाहिलं. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं बाकाच्या लाकडावर आपटत होती. टक, टक. थांबून पुन्हा, टक, टक. मी ती मुठीत घेतली.

"सवय असेल माझी."

"तुझी नाही ती." वाल्गस उठून जवळ आला. कपाळावर घाम होता, पण आवाज गोडच होता. "कोणी सांगितलं तुला? म्हातारीनं?"

"शप्पथ, कोणी काही सांगितलेलं नाही. नको असेल तर करणार नाही."

 माशांचं ताट त्यानं पायानं बाजूला सारलं आणि त्या दिवशीची तालीम संपली म्हणाला. खाई त्याला खवखवे, एवढं मला तेव्हा कळलं. काय खाल्लंय ते कळलं नव्हतं.

५

व्हेरिनाला भेटायची परवानगी मी मागून घेतली. तिला आतल्या चौकात एका खोलीत ठेवलं होतं. जाळीच्या दारापलीकडे ती बसली होती. डोळे सुजलेले होते, पण मला पाहताच तिनं तोंड वाकडं केलं.

"बाबा, तुम्ही लंगडताय."

"म्हाताऱ्याची चाल आहे ती. धंद्याचा भाग."

"घरी येताना तिकडेच ठेवून या. मला एक बाप पुरे." मग ती जाळीला तोंड लावून हळू बोलली. "या भिंतीपलीकडे काय आहे हो?"

"का?"

"दिवसा कोणीतरी वाजवतं. जेवणाच्या सुमारास. दोनदा वाजतं, मग थांबतं, मग पुन्हा दोनदा. मी उलट वाजवून पाहिलं. मला वाटलं, माझ्यासारखंच कोणीतरी कोंडलेलं असेल."

"मग?"

"मग ते फार जोरात वाजायला लागलं. मी खाटेवर पाय वर घेऊन बसले."

भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं. ओर्वियन गेल्यापासून त्याला कुलूप होतं. मी तिला सांगितलं की नळातलं पाणी तसं वाजतं. तिनं मान हलवली, कारण मला बरं वाटावं म्हणून ती नेहमीच मान हलवते.

तिथून मी तडक पोंपिलाकडे गेलो आणि समोरच्या फळीवर दोन बोटं आपटून दाखवली. "मावशी, याचा अर्थ काय?"

म्हातारीनं माझं मनगट धरलं. "तुला कोणी दाखवलं?"

"अर्थ सांग आधी."

"जिवंतपणी साचा घेतात ना हौशी लोक, त्यांची खूण आहे. चेहऱ्यावर ओला लेप थापला की बोलता येत नाही. नाकात बोरूच्या नळ्या घालतात, श्वासापुरत्या. गुदमरायला लागलं की माणसानं फळीवर दोन बोटं आपटायची, आणि लेप थापणाऱ्यानं तो ताबडतोब काढायचा." तिनं कपाट उघडलं, मुखवटा खिडकीपाशी नेला आणि नाकपुड्यांवर नख ठेवलं. दोन्हीकडे बारीक गोल वळ होते. "हे बघ, नळ्यांचे. मेलेल्याच्या नाकात नळ्या कशाला घालतील?"

 म्हातारा आपणहून फळीवर आडवा झाला असणार. पोरानं हट्ट केला असेल, काका, एकदा साचा घेऊ द्या. लेप थापून झाल्यावर त्या नळ्या कोणीतरी काढल्या होत्या किंवा बोटांनी बंद केल्या होत्या. फळीवर बोटं वाजत राहिली, आणि ऐकणारा शेजारीच होता.

"तू नको घालूस हा," पोंपिला म्हणाली.

"व्हेरिना आत आहे, मावशी."

"मग निदान हा विचार कर. उतरवणार कोण? त्या घरातलं रक्ताचं एक माणूस शिल्लक ठेवलेलं नाही यानं. तान्हं पोरसुद्धा नाही. सगळ्यांचा निकाल लावताना एवढंच विसरला बघ."

६

वाल्गस ते विसरला नव्हता, किंवा कोणीतरी वेळेवर आठवण करून दिली होती. यात्रेच्या सकाळी तो पांढरे कपडे घालून आला आणि म्हणाला, "उतरवीन मी. मुलगा आहे ना मी? तू वाक्य म्हटलंस की झालोच."

चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ओट्याच्या बाजूला मांडव होता. तिथं वाल्गसच्या बायकोशेजारी व्हेरिनाला बसवलं होतं, मला दिसेल अशी. मी डाव्या पायावर रेलत ओट्यावर चढलो तसे पुढच्या रांगेतले म्हातारे शिपाई आपोआप ताठ झाले.

एक कोळीण ओरडली, "काय हो महाराज, न्हाणीघर फार गुळगुळीत होतं का?" लोक हसले आणि लगेच गप्प झाले.

मुखवटा त्या दिवशी गरम होता. आतून ओघळ माझ्या हनुवटीपर्यंत येत होते. मला श्वास लागत होता आणि मी स्वतःला सांगत होतो, ऊन आहे, गर्दी आहे, मेण आहे. मी व्हेरिनाकडे पाहिलं आणि वाक्य म्हटलं. स्पष्ट, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. "वाल्गस माझा मुलगा आहे. माझं सगळं त्याचं."

कोणी टाळी वाजवली नाही. पण शब्द निघाला होता, आता तो फिरत नव्हता. माझं काम झालं होतं. वाल्गस ओट्यावर चढला, लोकांना हात जोडले आणि रिवाजाप्रमाणे माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. मी दगडी आसनावर टेकलो. त्यानं दोन्ही हातांनी मुखवट्याची कड धरली. हात स्थिर होते. शूर माणूस होता तो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

हनुवटी मोकळी झाली. मग ओठ. गार वारा लागला आणि मी तोंड उघडून श्वास घेतला.

वाल्गस माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्यानं तिथं काय पाहिलं ते मला माहीत नाही. मला फक्त त्याचा चेहरा दिसला. त्यावरचं हसू तसंच राहिलं होतं आणि बाकीचा सगळा चेहरा त्याच्याखालून निघून गेला होता.

"हलू नका, काका," तो म्हणाला. "झालंच."

आणि त्यानं मुखवटा परत खाली दाबला. दोन्ही तळव्यांनी. अंगठे नाकपुड्यांवर होते. सगळं वजन टाकून तो दाबत होता आणि लहान मुलाला समजवावं तसं बोलत होता, "झालंच, काका. थोडंसंच राहिलं. हलू नका." माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. माझी बोटं दगडावर आपटायला लागली. टक, टक. टक, टक. त्या एवढ्या गर्दीत दुसरा आवाज नव्हता. मी माझ्या बोटांना जोर लावत होतो आणि कोणीतरी दुसरंही लावत होतं, याहून नीट मला सांगता येत नाही.

व्हेरिना कशी आली, कुणाला ढकलून आली, माहीत नाही. तिनं वाल्गसच्या हाताला कडकडून चावा घेतला आणि मुखवटा माझ्या तोंडावरून ओरबाडून काढला.

वाल्गस आपले तळवे बघत उभा राहिला. मग खाली उतरला. प्रेताला वाट देतात तशी लोकांनी त्याला वाट दिली. कोणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. त्याचे पहारेकरीही वाट देणाऱ्यांतच उभे होते.

दुसऱ्या दिवशी तो कुलूप लावलेल्या न्हाणीघरात सापडला. कसा मेला हे बघून आलेलं कोणीच सांगत नाही. त्याचा साचा घ्यायला पोंपिला गेली नाही.

७

व्हेरिना घरी आली. यासाठीच सगळं केलं होतं. पहिले काही दिवस मी तिला नुसता बघत बसायचो. ती चूल पेटवायची, कांदा चिरायची, शेजारणीशी भांडायची, आणि माझं पोट भरायचं.

लंगडणं काही जात नाही. टाच दुखावली असेल असं वैद्य म्हणतो.

पोंपिला एकदा येऊन गेली. माझी चाल बघून उंबऱ्यातच थांबली. "पोरीनं काढला ना मुखवटा?"

"तिनं वाचवलं मला, मावशी."

"हो रे बाबा. पण मेलेल्यावरून काढतं ते मेलेल्याच्या रक्ताचं माणूस. तिनं तिच्या बापावरून काढला." ती थट्टेच्या सुरात बोलत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. "रिवाजानं पाहिलं तर गेला तो तुब्रो. मग उरलं कोण?" आणि न बसताच निघून गेली. म्हातारपणी डोकं फिरतं माणसाचं.

घरातला पितळी आरसा व्हेरिनानं घासायला दिलाय तो अजून आलेला नाही. बाजारात मी दिसलो की म्हातारे शिपाई उभे राहतात. मी हसण्यावारी नेतो. मी तुब्रो आहे, हे मला माहीत आहे. मी रोज जेवतो, झोपतो, धंद्याचं बोलतो.

आज दुपारी जेवताना व्हेरिनानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, आईचं नाव काय होतं हो?"

"असं काय विचारतेस? दोमिसा."

 ती ताट तसंच ठेवून उठली, आतल्या खोलीत गेली आणि तिनं कडी लावली. मी घास चावत होतो. चावता चावता आठवलं. दोमिसा हे नाव मी राजवाड्यामागच्या थडग्यावर वाचलं आहे. ओर्वियनची राणी ती. माझ्या बायकोचं नाव तात्सिया. तात्सिया, तिच्या हाताला सदा हळदीसारखा रंग लागलेला असायचा, रंगाऱ्याची मुलगी ती. मला सगळं आठवतंय.

"व्हेरिना, तात्सिया. अगं, तात्सिया. चुकून गेलं तोंडातून. दार उघड."

 मी दारावर वाजवायला हात उचलला, आणि दोनदा वाजवून थांबलो. आत खाट करकरली. तिनं पाय वर घेतले असावेत.

तेव्हापासून मी हात मांडीखाली दाबून दारापाशी बसलोय आणि तिच्या आईचं नाव घेतोय. ती अजून कडी काढत नाही.